पन्नास वर्षे ‘फुटलेले’ इंजिन आणि तालुक्याचे बोअरिंगचे दुकान

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी, बाजार समितीच्या मागच्या रस्त्याला एक बोअरिंगचे, म्हणजे झिजलेल्या इंजिनांचे सिलिंडर कापून-घासून नीट करण्याचे, दुकान आहे. त्याला पाटी नाही. टिनाच्या शेडबाहेर ओळीने मांडलेले ट्रॅक्टरच्या इंजिनांचे ब्लॉक (सिलिंडर असलेले लोखंडी धड), विहिरीवरच्या डिझेल इंजिनांचे सुटे भाग आणि हंगामात एखादे मळणीयंत्र, हीच त्याची खूण. या दुकानात मी गेल्या वर्षी पोळ्यानंतर एका इंग्रजी स्पोर्ट्स कारचे सुटे इंजिन घेऊन गेलो आणि दिवाळीनंतर परत आणले. दुकानाचे नाव आणि नेमके ठिकाण मी देणार नाही. एक तर मालकांनीच हात जोडून सांगितले, “नाव छापू नोका भाऊ, आधीच पंधरा इंजिनं दारात पडून हायेत.” दुसरे कारण असे, की या लेखात कौतुकाबरोबर एक तक्रारही आहे आणि ती नावानिशी चव्हाट्यावर मांडण्याइतकी मोठी नाही.

गाडीविषयी आधी थोडे सांगावे लागेल, कारण त्याशिवाय इंजिनाचा पेच कळणार नाही. माझ्या मोठेबाबांनी १९६४ साली नागपुरात, मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाकडून १९५८ सालची एमजीए विकत घेतली. ही दोन आसनांची उघडी गाडी इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात तयार होत असे आणि तेवढ्या वर्षांत एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. तिची दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनिअमचे, बाकी अंग पोलादाचे. इंजिन मात्र अगदी साध्या घरातले: ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातले, १४८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, ज्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७३.०२५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९ मिलिमीटर. हे आकडे वाचून जुन्या मिस्त्र्यांचे डोळे चमकतात, कारण मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेल्या आपल्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षे हेच घराणे धावत होते. फरक होता तो कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते त्याचा), कार्बोरेटरचा आणि हेडचा, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचा. ॲम्बेसेडरला एक कार्बोरेटर, तर एमजीएला एसयू बनावटीचे दोन. एमजीएचे कॉम्प्रेशन ८.३, ॲम्बेसेडरचे त्याहून कमी. त्यामुळे एमजीएचे इंजिन ७२ अश्वशक्तीपर्यंत जाई आणि ॲम्बेसेडरचे बरेच मागे राहून समाधान मानी.

या नात्यामुळेच आमच्या घरी सुटे इंजिन जन्माला आले. १९७३ सालच्या मे महिन्यात अमरावतीहून परतताना गाडी इतकी तापली, की रेडिएटरमधले पाणी उकळून बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी इंजिनातले ऑइल चहासारखे तांबूस दिसू लागले. त्या काळच्या मिस्त्र्याने “इंजिन फुटलं” असा निकाल दिला, नागपूरच्या भंगार बाजारातून ॲम्बेसेडरचे इंजिन आणले, एमजीएचे कार्बोरेटर, मॅनिफोल्ड आणि गिअरबॉक्स त्यावर जुळवले आणि गाडी चालू करून दिली. मूळ इंजिन आधी गोठ्यात, मग खताच्या गोदामात, डीएपी आणि युरियाच्या पोत्यांना टेकून पन्नास वर्षे पडून राहिले. घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी त्याचे नाव ‘फुटकं इंजिन’ असेच होते. मोठेबाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर तेही आले.

मागील वर्षी गोदाम पाडून नवे बांधायचे ठरले आणि इंजिनाचे काय करायचे हा प्रश्न टाळता येईना. सल्ल्यांची कमतरता नव्हती. माझ्या पुतण्याने त्यावर काच ठेवून बैठकीच्या खोलीत टेबल करावे असे सुचवले; त्याने मोबाइलवर दाखवलेले चित्र सुंदर होते हे मान्य करावे लागेल. धाकट्या भावाचे म्हणणे, भंगारवाल्याला देऊन मोकळे व्हावे. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाने फोनवरच सव्वा लाख रुपये सांगितले आणि लगेच विचारले, “नंबरची पट्टी शाबूत आहे ना?” तो प्रश्न मला खटकला. फुटक्या इंजिनाला सव्वा लाख कोण देतो, आणि दिलेच तर त्याला लोखंड हवे आहे की पट्टी? जुन्या गाड्यांच्या बाजारात चॅसिस आणि इंजिन यांचे मूळ नंबर जुळत असतील तर गाडीची किंमत वाढते, त्यामुळे सुटी पट्टी ही विकाऊ वस्तू बनते, हे मला तेव्हा नुकतेच कळू लागले होते.

एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या वर्कशॉपने इंजिन न पाहता, केवळ चार छायाचित्रांवरून, पूर्ण बांधणीचे अडुसष्ट हजार रुपयांचे अंदाजपत्रक पाठवले. त्यात बोअरिंग होते, चार नवे मोठ्या मापाचे पिस्टन होते, क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे, ग्राइंडिंग होते, लायनर (झिजलेला सिलिंडर मूळ मापाला आणणाऱ्या नळ्या) होते. लायनर आणि मोठे पिस्टन एकाच वेळी कशाला, असे मी विचारले, तेव्हा “जे लागेल ते” असे उत्तर मिळाले. म्हणून तालुक्याच्या त्या दुकानाचा रस्ता धरला. आमच्या ट्रॅक्टरचा क्रँक तिथेच घासलेला होता आणि तो आठ हंगाम बिनतक्रार चालला होता, एवढीच माझी ओळख. गोदामातून चौघांनी बल्ली लावून इंजिन छोटा हत्तीवर चढवले आणि दुकानासमोर उतरवले.

मालक पासष्टीच्या घरातले असावेत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मी काकाजी म्हणतो. त्यांनी इंजिनाभोवती एक चक्कर मारली, पंख्याच्या पुलीला हात घालून पाहिले, ते हलले नाही तेव्हा मान डोलावली आणि विचारले, “हे फुटलं हाये असं कोनं सांगतलं तुमाले?” मी १९७३ सालच्या निकालाची गोष्ट सांगितली. “पाहेलं कोनं?” या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पन्नास वर्षांत कोणीही हेड उतरवून आत पाहिले नव्हते. त्यांनी मोजणीचे बाराशे रुपये वेगळे पडतील, काम दिले न दिले तरी ते परत मिळणार नाहीत, असे आधीच सांगितले. हे मोजणीचे पैसे या दुकानाबद्दल गावातली सर्वांत मोठी कुरकुर आहे. मला विचाराल तर त्या दुकानात सर्वांत स्वस्तात मिळणारी गोष्ट हीच.

चार दिवस सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून मुरवल्यावर इंजिन सुटले. हेड उतरवताना मला मुद्दाम बोलावले होते. आत पिस्टनच्या माथ्यावर काळ्या कोळशाचा जाड थर, दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये गंजाचे कडे, बाकीचे तीन आश्चर्य वाटावे इतके स्वच्छ. मग काकाजींनी भिंतीतल्या कपाटातून लाकडी पेटी काढली. पेटीत फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेला डायल बोअर गेज होता. मायक्रोमीटरवर तो ७३.०२५ ला लावून त्यांनी प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, अशा तीन जागी आणि प्रत्येक जागी आडवा व उभा अशा दोन दिशांनी मोजला. चार सिलिंडरांची मिळून चोवीस मोजमापे. ती त्यांनी खत कंपनीच्या कॅलेंडरच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिली. सिलिंडर नेहमी वरच्या टोकाला, पिस्टनभोवतीची कडी, म्हणजे रिंगा, जिथून परत फिरतात तिथे अधिक झिजतो, कारण तिथे उष्णता जास्त आणि ऑइल कमी. आमच्या इंजिनात सर्वांत वाईट आकडा दोन नंबरच्या वरच्या अंगाला ७३.११ आला, म्हणजे मूळ मापापेक्षा सुमारे साडेआठ शतांश मिलिमीटर जास्त, मिस्त्री लोकांच्या भाषेत “सव्वातीन-साडेतीन थाउ” (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग).

कॅलेंडर माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, “बोअर मारून देतो म्हननारे लय भेटतीन. पन एकदा कापलेलं लोखंड वापस चिकटत नाही. एवढ्या झिजेले होनिंग पुरते.” होनिंग म्हणजे सिलिंडर न कापता आतून नुसता बारीक घासणे. अडुसष्ट हजारांच्या अंदाजपत्रकातील बोअरिंग, लायनर आणि चार पिस्टन या एका वाक्यात गळून पडले. क्रँकची मोजणीही तशीच समाधानाची निघाली. बी-सिरीजच्या त्या काळच्या क्रँकला तीनच मेन बेअरिंगा (क्रँक ज्यांत फिरतो ते आधार) असतात, पाच बेअरिंगांचा क्रँक १९६४ च्या अखेरीस एमजीएनंतरच्या एमजीबी गाडीत आला. त्यामुळे मधल्या बेअरिंगवर भार जास्त आणि झीजही तिथेच शोधायची. मधला जर्नल, म्हणजे त्या बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा भाग, दोन इंचांच्या मूळ मापाच्या जवळपासच होता. ग्राइंडिंग नको, पॉलिश पुरे, असा निर्णय झाला.

मग ‘फुटलेपणा’चा शोध. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा रबर आणि लोखंडी पट्ट्यांनी बंद करून, त्यात दोन किलो हवा भरून त्यांनी तो दुकानामागच्या सिमेंटच्या हौदात बुडवला. त्या हौदाचे पाणी एरवी बैलांना पाजायचे असते. पाच मिनिटे आम्ही दोघे आणि दुकानातला पोरगा पाण्याकडे टक लावून उभे होतो. एकही बुडबुडा आला नाही. हवा सोडली, ब्लॉक वर काढला, आणि काकाजींनी हेड टेबलावर उलटे ठेवले. ब्रशने घासून, पेट्रोलने धुऊन, कोरडे करून त्यांनी त्यावर रॉकेल फिरवले, दहा मिनिटे थांबले, फडक्याने अगदी कोरडे पुसले आणि शाळेतला पांढरा खडू बोटांनी चुरडून त्याची भुकटी पसरली. काही क्षण काही झाले नाही. मग दोन आणि तीन नंबरच्या मधल्या एक्झॉस्ट सीटजवळ (धूर सोडणाऱ्या झडपेच्या बैठकीजवळ), पांढऱ्या भुकटीत केसाएवढी एक ओली रेघ उमटू लागली आणि हळूहळू पाण्याच्या छिद्राकडे सरकत गेली. खडूने तड्यात मुरलेले रॉकेल शोषून घेतले होते. “हे पाहा तुमचं फुटलेलं इंजिन,” काकाजी म्हणाले, “हेड गेलं हाये. इंजिन नाही.”

ती जागा तिथेच का, हेही त्यांनी दाखवले. या हेडमध्ये इनटेकची (मिश्रण आत घेण्याची) दोन आणि एक्झॉस्टची तीन तोंडे असतात आणि सगळी एकाच बाजूला. चारपैकी मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच मधल्या तोंडातून बाहेर पडतो. म्हणून हेडचा मधला भाग सर्वांत जास्त तापतो. मे महिन्याच्या उन्हात रेडिएटर कोरडा पडला की सर्वांत आधी तिथेच तडा जाणार. १९७३ च्या मिस्त्र्याने ऑइलमध्ये पाणी पाहिले, तर्क बरोबर केला आणि एक पायरी पुढे जाऊन चुकला. पण त्याला दोष तरी किती द्यावा? त्याला गाडी चालू करून द्यायची होती, आणि ती त्याने दिली.

खताच्या पोत्यांविषयी मात्र काकाजींनी मला चांगलेच बोलले. ब्लॉकची पोत्यांना टेकलेली बाजू खवल्या-खवल्यांनी गंजली होती, दुसरी बाजू नुसती तांबूस. डीएपी आणि युरिया हवेतला ओलावा ओढून घेतात आणि त्यांचे क्षार लोखंड खातात, हे शेतकऱ्याच्या मुलाला दुकानदाराकडून ऐकावे लागले. आमच्या फवारणी पंपाच्या जाळ्या दरवर्षी का सडतात याचेही उत्तर त्यात मिळाले, पण तो विषय वेगळा.

आता मूळ प्रश्न उरला: करायचे काय? इथे दुकानाचा संबंध संपून माझ्या कागदपत्रांचा संबंध सुरू होतो, पण हा निर्णय त्या मोजणीनंतरच घेता आला, म्हणून तो इथेच सांगतो. गाडीच्या आरसी बुकावर आजही १९५८ च्या मूळ इंजिनाचाच नंबर आहे. १९७३ मध्ये इंजिन बदलल्याची नोंद कोणी केलीच नाही. वाहनात असा बदल केल्यास त्याची नोंद आरटीओकडे करावी लागते, मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ त्यासाठीच आहे, आणि जुन्या कायद्याच्या काळातली आमची चूक आजही कागदावर तशीच उभी आहे. त्यातच जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि चॅसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना त्यानुसार वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. आमची गाडी वयात बसते, इंजिनात अडते.

इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांवरून एमजी गाड्यांचे प्रमाणपत्र देते. ते मी मागवले. त्यात गाडीचा चॅसिस नंबर आणि ‘१५जीबी’ने सुरू होणारा इंजिन नंबर होता, आणि तो गोदामातल्या इंजिनावर रिव्हेट केलेल्या पट्टीशी अंकाला अंक जुळला. पन्नास वर्षे आम्ही ज्याला सुटे इंजिन म्हणत होतो ते गाडीचे खरे इंजिन होते, आणि गाडीत बसलेले, आजवर इमाने धावलेले ॲम्बेसेडरचे इंजिनच सुटे होते. हे लक्षात आल्यावर सव्वा लाखाच्या दलालाला मी त्याच संध्याकाळी नकार कळवला. काचेच्या टेबलाचा विषयही मागे पडला. पुतण्या अजून नाराज आहे.

काकाजींशी मग तासभर बसून ठरवले. तडा गेलेले हेड वेल्डिंग करायला त्यांनी साफ नकार दिला. वेल्डिंगची रेघ ओढून तडा बंद होईल, पण दोन सीटांच्या मधली जागा एवढी अरुंद, की दुसऱ्यांदा तापले तर तडा वेल्डिंगच्या बाजूने निघेल, असे त्यांचे मत. ॲम्बेसेडरचे हेड बोल्टांना बसते, तोही मार्ग होता. पण त्याने कॉम्प्रेशन घटले असते आणि इंजिन परत अर्धे ॲम्बेसेडर झाले असते. म्हणून खालचे अर्धे इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, कॅम, सगळे बांधून तयार करायचे, हेड इंग्लंडमधून वापरलेले पण सुस्थितीतले मागवायचे, आणि ते येईपर्यंत गाडी ॲम्बेसेडरच्या इंजिनावरच चालू ठेवायची असे ठरले. हेड आले की त्याच्या एक्झॉस्ट सीटा कडक पोलादाच्या बसवायच्या, कारण १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळते आणि शिशाच्या भरवशावर बनवलेल्या जुन्या ओतीव सीटा त्या पेट्रोलवर हळूहळू खचतात. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदाही इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकेल असा घ्यायचा, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते.

कामाचा दर्जा पाहायचा तर होनिंगनंतरचा सिलिंडर पाहावा. एकमेकांना छेदणाऱ्या रेघांची बारीक जाळी चारही सिलिंडरांत सारखी उमटली होती. नव्या रिंगा या जाळीत ऑइल धरून बसतात. रिंगांबाबतही दुकानाने घाई केली नाही. ॲम्बेसेडरच्या रिंगा बोअरला बसतात म्हणून त्या सरळ घालून टाकायच्या, असा सल्ला मला दुसरीकडे मिळाला होता. काकाजींनी पिस्टनच्या खाचांत पाती घालून मोजले, ॲम्बेसेडरच्या एका संचाची जाडी त्याच्याशी पडताळली, वरची रिंग ढिली पडते असे दाखवले आणि योग्य जाडीचा संच मागवायला लावला. मोजणी बाराशे, ब्लॉक धुणे पंधराशे, होनिंग सोळाशे, क्रँक पॉलिश नऊशे, बांधणीची मजुरी साडेसहा हजार. सगळे मिळून अकरा हजार सातशे. रिंगा, बेअरिंगा, गॅस्केट आणि सील मी स्वतः मागवले, त्याचा खर्च वेगळा. पक्की पावती मिळाली, वहीच्या कागदावर नाही.

आता तक्रार. ब्लॉक धुण्यासाठी दुकानात उकळत्या कॉस्टिक सोड्याची टाकी आहे. लोखंडाला त्याने काही होत नाही, जुने ऑइल, रंग आणि गंजाचा चिखल सगळा निघून जातो. ॲल्युमिनिअमला मात्र कॉस्टिक विरघळवून टाकते. आमच्या इंजिनावरची नंबरची पट्टी ॲल्युमिनिअमची आहे आणि ती काढून ठेवायला मी दोनदा सांगितले होते. तरी नव्या पोराने काकाजी जेवायला गेले असताना पट्टीसकट ब्लॉक टाकीत सोडला. काकाजी परत आले, टाकीवरचा फेस पाहिला आणि ब्लॉक तसाच साखळीने वर ओढून पाण्याचा पाइप मारला. पट्टीवरचा काळा रंग गेला, कडा चघळल्यासारख्या झाल्या, एक रिव्हेट सैल झाला. अंक ठोकलेले असल्याने वाचता येतात. आणखी दहा मिनिटे गेली असती तर गेडनच्या प्रमाणपत्राशी जुळवायला माझ्याकडे काहीच उरले नसते. काकाजींनी ही गोष्ट लपवली नाही, मला फोन करून बोलावले, पट्टी दाखवली आणि धुण्याचे पंधराशे रुपये घ्यायला नकार दिला. मी ते दिले, कारण ब्लॉक खरोखर स्वच्छ झाला होता. पण झाले ते होऊ नये असेच होते. ज्या दुकानात चोवीस मोजमापे पेन्सिलीने लिहिली जातात, तिथे “पट्टी काढणे” ही पाच अक्षरे ब्लॉकवर खडूने लिहिता आली असती.

दुसरी तक्रार उशिराची. पंधरा दिवस सांगितले होते, सात आठवडे लागले. मधे सोयाबीनची सवंगणी आली, प्रत्येक मळणीयंत्र आणि ट्रॅक्टर दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला आणि आमचे इंजिन ताडपत्रीखाली गेले. याबद्दल मी रागावू शकलो नाही. ज्याचा सोयाबीन शेतात पावसाला घाबरत उभा आहे, त्याच्या ट्रॅक्टरच्या पुढे माझ्या हौसेच्या गाडीचे इंजिन जावे असे मलाही वाटले नसते. मात्र दिवस सांगतानाच “सोयाबीन निघाल्यावर” असे सांगितले असते तर माझ्या सहा फेऱ्या वाचल्या असत्या. ज्यांना घाई आहे त्यांनी या दुकानात जानेवारी ते मे या काळात काम द्यावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात देऊ नये. बसायला एक बाकडे आहे, चहा समोरच्या टपरीतून येतो, आणि काम चालू असताना शेजारी उभे राहून पाहिले तर कोणी हाकलत नाही, ही माझ्या मते मोठी सोय आहे.

इंजिन आता नव्या गोदामात, खतापासून दूर, सागाच्या चौकटीवर उभे आहे. सिलिंडरांत ऑइल घालून, ब्लॉकच्या माथ्याला ग्रीस लावून त्यावर प्लायवूडची फळी कसली आहे आणि वरून मेणकापड बांधले आहे. एका जागी उभ्या राहिलेल्या रिंगा भिंतीला धरू नयेत म्हणून महिन्यातून एकदा क्रँक पाव फेरा फिरवायला काकाजींनी सांगितले. विसर पडू नये म्हणून मी अमावास्येचा दिवस धरला आहे. हेड मुंबईच्या कस्टममध्ये पोहोचल्याचा निरोप परवा आला. ते घरी आले की याच दुकानात नेणार आहे, सोयाबीनच्या आधी. पट्टी मी आताच काढून तिजोरीत ठेवली आहे. गाडीत इंजिन बसल्यावर, स्वतःच्या हाताने रिव्हेट मारून लावीन.